वाचलेले समजावे यासाठी वर्गात काय करावे

"तवळ्या मिंगाने भुरकटीत दोन लोपट्या खुरवल्या." हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला प्रश्न विचारून पाहावेत. लोपट्या कोणी खुरवल्या? तवळ्या मिंगाने. कुठे खुरवल्या? भुरकटीत. किती खुरवल्या? दोन. तिन्ही उत्तरे बिनचूक येतात आणि गुणही पूर्ण द्यावे लागतात, पण वाक्याचा अर्थ विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतो, कारण 'दोन' सोडला तर त्यातला एकही शब्द मराठीत नाही. मराठीचे प्रत्यय इतके नेटके आहेत की 'ने' दिसला की करणारा आणि 'त' दिसला की ठिकाण हे मुलाला अर्थाशिवायही हेरता येते. धड्याखालच्या 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ मुले याच वाटेने शोधतात, वही पूर्ण होते, आणि मुलाला धडा समजला अशी शिक्षकांची व पालकांची प्रामाणिक समजूत होते.

धडा संपल्यावर प्रश्न विचारणे ही आकलनाची तपासणी झाली. ते आकलन शिकवणे नव्हे. अमेरिकेतील संशोधक डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस चौथीच्या वर्गांत बसून निरीक्षणे केली, तेव्हा वाचनाच्या तासांतील एक टक्क्याहूनही कमी वेळ प्रत्यक्ष आकलन शिकवण्यात जात असल्याचे त्यांना आढळले. उरलेला वेळ प्रश्न, स्वाध्याय आणि तपासणी यांत गेला होता. आपल्याकडच्या तासाला घड्याळ लावून बसले तर चित्र फार निराळे दिसेल असे मला वाटत नाही. पुढे मांडलेल्या सर्व कामांचा रोख म्हणूनच एका गोष्टीवर आहे, की मुलाला मदत धडा संपल्यावर न मिळता वाचन चालू असताना मिळावी.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहावे

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेला विचार शिक्षकाला फार उपयोगी पडतो. वाचनातून होणारे आकलन म्हणजे शब्द ओळखण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार, असे ते म्हणतात. ही बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही असले तरी उत्तर शून्यच येते. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला 'लेखकाला काय सुचवायचे आहे' असे विचारणे जितके व्यर्थ, तितकेच घडाघडा वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या मुलाकडून पुन्हा बाराखडी घोटून घेणेही व्यर्थ आहे.

दोघांतला फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. सारख्या काठिण्याचे, शंभरेक शब्दांचे दोन उतारे घ्यावेत. एक मुलाने स्वतः वाचून आपल्या शब्दांत सांगावा. दुसरा शिक्षकाने वाचून दाखवावा आणि मुलाने तो ऐकून सांगावा. ऐकलेला नीट सांगता आला आणि वाचलेला आला नाही, तर अडचण शब्दवाचनात आहे. दोन्ही सांगता आले नाहीत, तर भाषा किंवा विषयाची ओळख कमी पडते आहे.

येथे नाशिक जिल्ह्यापुरती एक सूचना आवश्यक आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत अनेक मुले घरी कोकणा किंवा वारली बोलतात, कसमादे पट्ट्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अहिराणी सर्रास ऐकू येते, आणि सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींतील काही घरांत हिंदी किंवा भोजपुरी चालते. अशा मुलाने ऐकलेला उतारा घरच्या बोलीत सांगितला तर तो पूर्ण मान्य करावा. आपल्याला उताऱ्याचा अर्थ कळला की नाही हे पाहायचे आहे, प्रमाण मराठीची परीक्षा घ्यायची नाही. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर वर्गातलेच एखादे मूल सांगेल, आणि त्या निमित्ताने त्याचाही मान वाढेल.

वाचनापूर्वीची पाच मिनिटे

१९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची समजली गेलेली पण बेसबॉलची चांगली जाण असलेली मुले, वाचनात पक्क्या पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवले की मुद्दा पटायला वेळ लागत नाही. विषय ओळखीचा असेल तर वाचणारा गाळलेल्या जागा स्वतः भरतो. तो अनोळखी असेल तर वाचनाच्या क्लृप्त्या कितीही शिकवल्या तरी त्या पोकळीतच फिरतात.

पुढच्या विवेचनासाठी मी एक छोटा उतारा तयार केला आहे.

"एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा काढला जातो. काढलेला कांदा पातीसह शेतातच काही दिवस सुकवतात. मान पूर्ण सुकल्यावर पात कापतात आणि कांदा चाळीत भरतात. चाळीचा तळ जमिनीपासून उंच असतो आणि तिच्या बाजूंना फटी असतात. असा कांदा चार-पाच महिने टिकतो. लाल कांदा मात्र काढल्यावर लगेच बाजारात न्यावा लागतो. म्हणूनच लासलगावच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात भाव वाढण्याची वाट पाहता येते, डिसेंबरात मात्र ती पाहता येत नाही."

निफाड किंवा येवल्याच्या शाळेत हा उतारा सहज निघून जाईल. नाशिक शहरात, पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या वर्गात मात्र 'चाळ' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर ओळीने बांधलेल्या खोल्या येतील, आणि कांदा लोकांच्या घरात का भरतात हा प्रश्न कोणी न विचारता मनात ठेवूनच पुढे वाचेल. म्हणून वाचनाआधी कांदाचाळीचे चित्र फळ्यावर काढावे, 'उन्हाळ' आणि 'लाल' हे कांद्याचे दोन हंगाम आहेत एवढे सांगावे आणि थांबावे. तीन-चार कळीचे शब्द पुरेसे असतात. सबंध धड्यातले वीस कठीण शब्द अर्थांसह वहीत उतरवून घेण्यात अर्धा तास जातो आणि त्यातले फारसे काही वाचताना आठवत नाही.

आणखी एक सवय सोडावी लागेल. धडा सुरू करण्यापूर्वी 'या धड्यात असे असे आहे' म्हणून सगळा सारांश सांगून टाकणे ही आपली जुनी रीत आहे. हेतू चांगला असतो, पण त्यानंतर मुलाने वाचावे तरी कशासाठी? त्याऐवजी एक प्रश्न द्यावा: "एकाच शेतकऱ्याला एक कांदा विकायची घाई होते आणि दुसऱ्याची होत नाही, असे का ते वाचून शोधा." हातात प्रश्न घेऊन वाचणारे मूल ओळींवरून नुसती नजर फिरवत नाही.

शिक्षकाने आपला विचार मोठ्याने ऐकवावा

या लेखातल्या सर्व कामांपैकी एकच करायचे ठरवले तर हे करावे. वाचणाऱ्या प्रौढाच्या मनात काय चालते ते मुलाला दिसत नाही. त्याला दिसतात ती पानावर फिरणारी नजर आणि हलणारे ओठ. समजणे ही आपोआप होणारी गोष्ट आहे, ती काहींना होते आणि आपल्याला होत नाही, असा मुलाचा समज होतो तो यातूनच. म्हणून शिक्षकाने उतारा वाचताना मध्येच थांबून मनातला विचार बोलून दाखवावा. वरचा उतारा घेतला तर ते असे ऐकू येईल:

"'मान पूर्ण सुकल्यावर.' मान? कांद्याला मान कुठून आली? थांबा, मागच्या वाक्यात पातीसह सुकवतात असे आहे, आणि पुढे पात कापतात असे आहे. म्हणजे पात आणि कांदा यांच्या मधला निमुळता भाग मान असणार. ठीक, पुढे जाते. 'चाळीचा तळ जमिनीपासून उंच असतो आणि तिच्या बाजूंना फटी असतात.' फटी कशासाठी, ते लिहिलेले नाही. पण आधी कांदा सुकवला, म्हणजे ओल नको आहे. फटींतून वारा खेळत असेल. तळ उंच का? जमिनीची ओल लागू नये म्हणून, आणि खालूनही हवा यावी म्हणून. हे पुस्तकात नाही, मी जोडले. पुढच्या वाक्यात 'असा कांदा टिकतो' आले, म्हणजे माझा अंदाज बरोबर दिसतो."

या बोलण्यात शिक्षिका अडली, मागे गेली, पुढचे पाहिले, अंदाज केला आणि तो तपासला. 'हे पुस्तकात नाही, मी जोडले' हे वाक्य तर मुद्दाम म्हणायलाच हवे, कारण लेखकाने लिहिलेले आणि वाचणाऱ्याने जोडलेले यांतली रेघ मुलांना अन्यथा दिसत नाही. बोलणे मात्र खरे असावे. न अडताच अडल्याचा अभिनय मुलांच्या लगेच लक्षात येतो. उतारा आदल्या दिवशी एकदा वाचून, आपण स्वतः कुठे क्षणभर थांबलो तिथे पेन्सिलने खूण करावी आणि वर्गात त्याच तीन-चार जागी थांबावे. प्रत्येक वाक्यापाशी थांबले तर गोष्टीचा धागा तुटतो.

काही तास असे ऐकवल्यानंतर काम हळूहळू मुलांकडे सोपवावे. आधी शिक्षक थांबतो आणि वर्ग विचार बोलतो; मग जोडीतला एक वाचतो, थांबतो आणि बोलतो, दुसरा ऐकतो; शेवटी प्रत्येक जण एकटा वाचतो आणि अडेल तिथे समासात प्रश्नचिन्ह काढतो. पाठ्यपुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाकडे जाणार असेल तर कागदाच्या पट्ट्या चालतात. तास संपल्यावर कोणाच्याच पुस्तकात एकही प्रश्नचिन्ह नसेल तर आनंद मानू नये. उतारा फार सोपा होता किंवा मुलांना अडलेले दाखवण्याची अजून भीती वाटते, यांपैकी काहीतरी एक खरे असते.

ओळीने प्रत्येकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा ही पद्धत या कामाच्या आड येते. आपली पाळी येईपर्यंत मूल आपला परिच्छेद मोजून ठेवते, आणि वाचताना त्याचे सगळे लक्ष उच्चारावर असते. प्रकट वाचन उच्चारासाठी आणि लयीसाठी अवश्य घ्यावे, पण आकलनाच्या तासाला मूकवाचनच हवे.

छोटे शब्द, मोठी कामे

मुलांना अर्थ न लागण्याचे कारण आपण नेहमी कठीण शब्दांत शोधतो. प्रत्यक्षात 'मात्र', 'तरीही', 'म्हणूनच', 'अन्यथा', 'तो', 'ती', 'तसे' असे शब्द जास्त दगा देतात, आणि ते कोणत्याही शब्दार्थांच्या यादीत येत नाहीत. वरच्या उताऱ्याच्या शेवटच्या वाक्यात "ती पाहता येत नाही" असे आहे. ती म्हणजे कोण? चाळ, असे बरीच मुले सांगतील, कारण जवळचे स्त्रीलिंगी नाम त्यांना तेवढेच आठवते. 'वाट पाहणे' हा प्रयोग दोन तुकड्यांत विभागला गेला आहे हे दाखवल्यावर वाक्य उलगडते. अशा प्रत्येक सर्वनामापासून ते ज्या नामाबद्दल आले आहे तिथपर्यंत पेन्सिलने बाण काढायला सांगावे. मराठीत लिंग-वचनाची मदत मिळते, हेही सांगावे.

जोडशब्दांसाठी पुढचे वाक्य झाकून ठेवण्याचा खेळ चांगला चालतो. "लाल कांदा मात्र..." एवढेच दाखवावे आणि पुढे काय येणार ते विचारावे. 'मात्र' म्हटल्यावर आधीच्या गोष्टीच्या उलट काहीतरी येणार हे ज्याने ओळखले, त्याने निम्मे वाक्य न वाचताच वाचले.

माहितीपर मजकुरात कारणांची साखळी असते आणि ती वाचताना हरवते. तेथे आकृती काढावी. नांदूर मधमेश्वरचे उदाहरण पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधारा घातला, पाणी अडले, वाहून आलेला गाळ साचत गेला, उथळ पाण्याची जागा तयार झाली, तेथे पाणवनस्पती आणि मासे वाढले, पक्षी येऊ लागले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हा मजकूर परिच्छेदातून वाचल्यावर मुलांनी चौकटी आणि बाण काढून फळ्यावर मांडावा, मग एक चौकट पुसावी आणि विचारावे, "गाळ साचलाच नसता तर?" पुढच्या चौकटी कोणत्या आणि का पुसाव्या लागतील यावरून वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा.

कथेची आकृती वेगळी असते. पात्राला काय हवे होते, आडवे काय आले, त्याने काय केले, एवढे पुरते. कवितेला यातले काही लावू नये, ती आधी दोन-तीनदा ऐकवावी.

प्रश्न कोणता आणि त्यानंतर किती वेळ

टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची विभागणी त्यांचे उत्तर कुठे सापडते यावरून केली. मुलांना ती शिकवण्यासारखी आहे, कारण पुष्कळ मुलांना उत्तर एकाच ओळीत जसेच्या तसे असणारच असे वाटत असते आणि न सापडल्यास ती शोध सोडून देतात. आपल्या उताऱ्यावर 'उन्हाळ कांदा कधी काढतात?' याचे उत्तर एका ओळीत आहे. 'कांदा टिकावा म्हणून काय काय करतात?' याचे उत्तर चार वाक्यांत विखुरलेले आहे. 'डिसेंबरात शेतकऱ्याला थांबता का येत नाही?' याचे उत्तर कुठेच लिहिलेले नाही, पण त्या वेळी त्याच्या हातात लाल कांदा असतो हे ताडले की मिळते. 'शेतकऱ्याने चाळ बांधावी का?' याला उताऱ्यासोबत घरचे, बाजारचे ज्ञानही लागते. उत्तर देण्याआधी प्रश्न यांपैकी कोणत्या जातीचा आहे ते मुलांना सांगायला लावावे.

शिक्षकाचा सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र उत्तर आल्यानंतरचा आहे: "कशावरून म्हणतोस?" तो चुकीच्या उत्तरालाच विचारला तर मुले त्याचा अर्थ 'चुकले' असा घेतात, म्हणून बरोबर उत्तरालाही तो तितक्याच वेळा विचारावा. मग बोट ओळीवर जाते. "बाई, पाचव्या ओळीत आहे" असे मूल म्हणू लागले की घोकलेली उत्तरे आपोआप मागे पडतात.

प्रश्नानंतर थांबणेही शिकावे लागते. मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत असल्याचे दिसले, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली व अधिक मुले बोलू लागली. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. मनातल्या मनात तीन अंक मोजावेत.

चौघांचा गट

१९८४ मध्ये अ‍ॅनमरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी मांडलेली पद्धत आपल्या बाकांच्या मांडणीतही बसते. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की गट तयार होतो. एक परिच्छेद वाचून झाल्यावर एकाने त्याचे सार सांगायचे, दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचा, तिसऱ्याने अडलेला शब्द किंवा वाक्य मांडून ते सोडवायला सर्वांना लावायचे, आणि चौथ्याने पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. पुढच्या परिच्छेदाला कामे एक घर सरकतात. सुरुवातीला गटांत गोंगाट होतो आणि प्रश्नही 'कोणी', 'कधी' एवढेच येतात. त्यामुळे पहिले काही दिवस एकाच गटाला वर्गासमोर बसवून त्यांच्यात शिक्षकाने पाचवा म्हणून सामील व्हावे आणि इतरांनी पाहावे.

दोन शिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे ही पद्धत विशेष कामाची आहे. एक गट स्वतः चालू लागला की शिक्षकाला दुसऱ्या इयत्तेकडे वळता येते. अशा शाळेत मोठ्या मुलाने लहानांना वाचून दाखवून मध्ये थांबत प्रश्न विचारणे, हे मोठ्या मुलाच्याही आकलनाला पोषक ठरते.

गटांना वाचायला पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही लागतेच. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. नाशिक शहरातील शाळांना १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय हाताशी आहे. बाजारभावाचे वर्तमानपत्री कात्रण, औषधाच्या पाकिटातला माहितीचा कागद, एसटीचे वेळापत्रक हेही आकलनाचेच साहित्य होय, आणि सहावी-सातवीची मुले त्यावर धड्यापेक्षा जास्त नेटाने भांडतात.

सार आणि नोंद

सारांश लिहायला सांगितला की मुले पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये उतरवतात. त्यांना शब्दांची मर्यादा द्यावी: सबंध उतारा पंधरा शब्दांत. मर्यादा आली की काय सोडायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि काय सोडायचे हे कळण्यासाठी काय महत्त्वाचे ते ठरवावेच लागते. 'नीट सुकवून चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा टिकतो, लाल टिकत नाही, म्हणून विक्रीची वेळ बदलते.' हे चौदा शब्द आहेत. पुस्तक मिटून लिहायचे, हा नियम पाळला तर नक्कल टळते.

पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे उद्दिष्ट आहे. घड्याळाने शब्द मोजणे सोपे असल्याने व्यवहारात 'अर्थासह' हा भाग गळून पडतो. वेग नोंदवताना त्याच ओळीत पुनर्कथनाची नोंदही ठेवावी: मुख्य गोष्ट सांगितली का, क्रम राखला का, न लिहिलेले काही बरोबर ताडले का. महिन्याला प्रत्येक मुलाची एक नोंद झाली तरी कोणाला शब्दवाचनाची मदत हवी आणि कोणाला भाषेची, ते वर्षाच्या मध्यापर्यंत स्पष्ट होते.

चाचणीसाठी उतारा निवडताना विषय वर्गात हाताळलेला आणि मजकूर कधी न पाहिलेला असावा. कांद्याच्या साठवणीवर काम झाले असेल तर चाचणीत द्राक्षांपासून बेदाणा कसा करतात ते द्यावे. सुकवणे, ओल आणि टिकणे या कल्पना ओळखीच्या असल्याने मूल अडणार नाही, आणि उत्तर पाठ करून आलेले नसल्याने ते जे लिहील ते वाचूनच लिहिलेले असेल.